हातमोजे घालूनही बोटं गारठतात: नवी जोडी घेण्याआधी काय काय तपासावं

डिसेंबर लागला की साताऱ्यात ही तक्रार ठरलेली. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालेले, मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर गाठणारे, पहिल्या पाळीला एमआयडीसीत जाणारे आणि नाताळच्या सुट्टीत हिमालयातल्या केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला नाव घातलेले, सगळ्यांचं म्हणणं एकच: मोजे चांगले जाड आहेत, तरी बोटं बधिर होतात. मग आणखी जाड जोडी येते. ती घट्ट बसते आणि बोटं आधीपेक्षा लवकर गारठतात.

हातमोजा ऊब तयार करत नाही. ऊब रक्तातून येते, मोजा ती फक्त अडवून धरतो. तेही लोकर किंवा फायबर यांच्या जोरावर नाही, तर त्यांच्यात अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा चारपैकी एका ठिकाणी सापडतो: हातापर्यंत रक्त कमी येतंय, मोज्यातली हवा दबलीय, वारा आत शिरतोय, किंवा अस्तर ओलं झालंय. मोजाच मुळात पातळ आहे हे पाचवं कारण. तेही खरं असतं, पण ते शेवटी तपासायचं, कारण त्यात पैसे जातात.

आधी लक्षण नीट ओळखा

"हात गार पडतात" एवढ्यावर काही कळत नाही. नेमकं कुठे आणि किती वेळाने, हे पाहा.

- निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठीक, मग फक्त बोटांची टोकं बधिर: मोजा टोकाला आखूड आहे किंवा शिवणीतून वारा येतोय.
- मोजा घालताक्षणी सगळा हात गार आणि तो गारच राहतो: अंगातच ऊब कमी आहे किंवा मनगट उघडं आहे. मोज्याचा दोष बहुधा नाही.
- आधी हात गरम, दमट, नंतर एकदम बर्फासारखा: घाम. चढावर चालणाऱ्यांचं आणि सायकलवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं.
- हाताची मागची बाजू गार, तळवा बरा: कापड वारा अडवत नाही.
- फक्त ब्रेक-क्लच धरणारी दोन बोटं गार: लिव्हरचा धातू.
- गेल्या वर्षी उत्तम, यंदा बेकार: भरण चपटं झालंय किंवा धुताना बिघडलंय.
- बोट ठरावीक रेषेपर्यंत पांढरं फटक, मग निळसर, मग लाल. किंवा घरात ऊबेत बसूनही करंगळीत, अंगठ्यात मुंग्या: ही मोज्याची भानगड नाही. थेट शेवटचा भाग वाचा.

फुकटातली तपासणी: अंग गरम आहे का?

छाती आणि पोट गार पडायला लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि रक्त आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं. बाईकवर मोजे पाचशेचे आणि वर नुसता स्वेटर, ही जोडी म्हणूनच जमत नाही. स्वेटरमधून वारा आरपार जातो. आतून स्वेटर, वरून विंडचीटर किंवा रेनकोटचं जॅकेट, गळ्याला मफलर, एवढं करून एक फेरी मारा. मोजे तेच ठेवा. बऱ्याच लोकांची तक्रार इथेच मिटते, आणि खर्च शून्य.

पोटात काहीतरी गरम असू द्या. रिकाम्या पोटी चारला निघालेल्याचे हात आधी गारठतात. वाटेत टपरीवर चहा जरूर घ्या, पण त्याच्याबरोबरची सिगारेट नको आणि तंबाखूही नको. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. ऊब आल्यासारखी वाटते, बोटांना मात्र रक्त कमी मिळतं.

मोजे घराबाहेर पडण्याआधी घाला, हात गरम असताना. गॅरेजमध्ये किंवा बाईकच्या डिकीत रात्रभर पडलेला मोजा गार झालेला असतो आणि तो तापवण्यात हाताचीच ऊब खर्च होते.

मोजा घट्ट आहे का?

सगळ्यात जास्त चूक इथे होते. दुकानात हात सरळ ठेवून मोजा घालून बघतात आणि "फिट बसला" म्हणून घेतात. तपासायचं हँडलची मूठ पकडून. मूठ आवळल्यावर मोजा मागे ओढला जातो आणि बोटाच्या टोकाशी असलेली मोकळी जागा नाहीशी होते. मूठ वळलेली असतानाही टोकाशी साधारण अर्धा सेंटिमीटर सुटं राहायला हवं. टोक कापडाला टेकत असेल तर तिथली हवा दबली, म्हणजे तिथे मोजा असून नसल्यासारखा.

लोकरीच्या मोज्यावर चामडी मोजा चढवणारे याच फासात अडकतात. एकावर एक थर चांगलेच, पण बाहेरचा थर एक साइज मोठा असेल तरच. आत अस्तराचा पातळ मोजा घालणार असाल तर दुकानात तो घालूनच बाहेरचा निवडा.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. अंगठा सोडून तळहाताचा सगळ्यात रुंद घेर मोजा, बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवरून. घेर ८ इंच म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटर असेल तर साइज ८, ९ इंच म्हणजे सुमारे २२९ मिलिमीटर असेल तर साइज ९. बऱ्याच कंपन्यांत ८ म्हणजे मीडियम आणि ९ म्हणजे लार्ज, पण हे सगळीकडे जुळेलच असं नाही, म्हणून आकडा बघा, अक्षर नको. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंतची लांबीही घ्या. लांब बोटांच्या माणसाला घेरावरून घेतलेला मोजा हमखास आखूड पडतो.

अंगठी काढा. घड्याळाचा पट्टा एक भोक सैल करा. मोज्याच्या मनगटावरचा वेल्क्रोही करकचून आवळू नका. तिथे वारा अडवायचा आहे, रक्त नाही.

मनगटाची फट

बाहीचं टोक आणि मोज्याची कड यांत दोन बोटं रुंदीची फट असली तरी पुरे. नाडी जिथे बघतात तिथे धमनी कातडीच्या अगदी जवळ असते, आणि बाईकवर हात पुढे ताणला की बाही नेमकी तिथूनच मागे सरकते. बोटांकडे जाणारं रक्त वाटेतच गार होतं. आरशासमोर उभं राहून हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, लगेच दिसेल.

उपाय म्हणजे लांब मनगटाचा मोजा, नाहीतर जुन्या लोकरी सॉक्सचा वरचा भाग कापून केलेली मनगटपट्टी. दुसरा उपाय दिसायला गावठी आहे, पण अगदी चोख. कोरड्या थंडीत मोजा बाहीच्या वरून घ्या. पावसात उलटं करा: बाही मोज्यावर, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट मोज्यात भरतं.

वारा आत येतो का?

हाताची मागची बाजू तोंडाला लावून मोज्यातून जोरात फुंका. फुंकर आत जाणवली तर साठच्या वेगाचा वारा नक्कीच जातो. शंका असेल तर माळ्यावर टाकलेला टेबलफॅन काढा, फुल्ल वेगावर लावा, मोजा घालून हात समोर धरा आणि सावकाश फिरवा. अंगठ्याच्या बेचक्यातली आणि बोटांमधली शिवण कुठे फाटलीय ते गार झोत लागून कळतं.

हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांच्या स्टॉलवर मिळणारे विणलेले मोजे याच तपासणीत नापास होतात. ते वाईट नाहीत. अजिंक्यताऱ्यावर पहाटे फिरायला, बसस्टॉपवर उभं राहायला उत्तम आहेत. पण स्थिर हवेसाठी केलेली वस्तू वाऱ्यात नेली तर दोष वस्तूचा कसा?

वाऱ्याचा हिशोब एकदा आकड्यांत पाहा. हवा १० अंश सेल्सिअस आणि गाडी ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती सुमारे ५ अंशांची वाटते. हवा ५ अंशांवर आली तर तोच वेग उणे २ अंशांसारखा लागतो. वेग ६० वरून ४० वर आणला तरी १० अंशांच्या हवेत फरक जेमतेम एका अंशाचा पडतो. म्हणून "हळू चालवतो" हा उपाय पुरत नाही, वारा अडवावाच लागतो. वर चढाल तसं तापमानही उतरतं: दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश. महाबळेश्वर साताऱ्याहून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणजे निघताना होती त्यापेक्षा हवा चारेक अंशांनी गार. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात तर निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड गार हवा साचून राहते. बाजारपेठेत बरं वाटत असतानाही तिथे पानांवरच्या दवबिंदूंचं हिम होतं. मोजे निवडायचे ते त्या जागेच्या हिशोबाने, साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या नव्हे.

स्वस्तातला उपाय: विणलेल्या मोज्यावर वारा अडवणारा पातळ, सैल वरचा मोजा. तो नसेल तर भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी मोजे तासाभराच्या प्रवासाला चालतात, फक्त पकड घसरत नाही ना ते निघण्याआधी गाडी उभी असताना बघून घ्या.

ओल

मोजा आतून ओला आहे की नाही हे हाताला कळत नाही, कारण गार आणि ओलं कातडीला सारखंच वाटतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पूर्ण कोरडी जोडी तोला आणि वजन मोज्याच्या आत पेनाने लिहून ठेवा. वापरून आल्यावर परत तोला. वीस-तीस ग्रॅम वाढले असतील तर तेवढं पाणी अस्तरात आहे. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे असा मोजा दुसऱ्या दिवशी घालणं म्हणजे गारठ्याला बोलावणं.

पाणी बाहेरून आलं की आतून, हे ठरवायला बादली लागते. मोज्यात टिश्यू पेपर गुंडाळून हात घाला आणि कडेपर्यंत पाणी जाणार नाही असा पाच मिनिटं पाण्यात धरा. टिश्यू भिजला तर मोज्याच्या आतला जलरोधक पडदा किंवा शिवण गळतेय. कोरडा राहिला तर दोष घामाचा.

घामावर उपाय दोन. चढावर हात तापायला लागले की लगेच जाड मोजा काढून पातळ घाला, घाम फुटायची वाट पाहू नका. ट्रेकवर पातळ अस्तराच्या दोन जोड्या हव्याच, एक हातात आणि एक आतल्या खिशात कोरडी. दुसरा उपाय जरा विचित्र आहे: सगळ्यात आत पातळ नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) डिस्पोजेबल मोजे. हात चिकट होतो, पण घाम भरणापर्यंत पोहोचत नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलार भागात दवाने निथळणाऱ्या वाफ्यांतून पहाटे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांनाही हीच जोडी सोयीची पडेल, तिथे मात्र नायट्राइल बाहेरून आणि पातळ लोकर आतून. दोन तासांनी काढून हात पुसायचे, नाहीतर कातडी पांढरी पडून सोलते. लॅटेक्स (नैसर्गिक रबर) टाळा, काही जणांना त्याची ॲलर्जी असते.

वाळवताना चूल, हीटर, गरम सायलेन्सर यांपासून लांब. चामडं कडक होऊन तडकतं आणि आतला जलरोधक पडदा सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, मग पंख्याखाली. ओल्या हाताने मोजा ओढून काढू नका. बोटांचं अस्तर उलटं बाहेर येतं आणि पुन्हा आत घालताना पीळ पडतो. आलंच तर पेन्सिलच्या बोथट बाजूने हळूहळू एकेक बोट ढकला. गळणाऱ्या शिवणीवर सुई-दोरा चालवू नका. प्रत्येक टाक्याचं भोक म्हणजे नवी गळती. शिवण बुजवायचं द्रावण ट्रेकिंग साहित्याच्या दुकानात मिळतं.

लिव्हरची थंडी

फक्त दोन बोटं गार पडत असतील तर मोजे बदलून उपयोग नाही. सायकलच्या टाकाऊ ट्यूबचा तुकडा ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरवर चढवा. त्यानंतर बाईकला हँडगार्ड, हा खरा उपाय: वारा मोज्यावर आदळतच नाही. मोज्यांवर जास्तीचे हजार रुपये घालण्यापेक्षा हँडगार्ड बसवणं केव्हाही शहाणपणाचं. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, लिव्हर कुठे अडत नाही आणि ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर मागे येतो याची खात्री करा. हँडलवर चढवायची पिशवीसारखी कव्हरं त्याहून गरम, पण हात झटकन बाहेर निघतो का ते गाडी उभी करून तपासल्याशिवाय घाटात जाऊ नका.

भरण बसलंय का?

हाताच्या मागच्या बाजूचा भाग चिमटीत दाबून सोडा. पुन्हा फुगला तर जिवंत. कागदासारखा चपटा राहिला किंवा आत गुठळ्या लागल्या तर भरण संपलं, ते दुरुस्त होत नाही. कपडे मऊ करणारं द्रावण मोज्यांना कधीच नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो, मग बाहेरचं कापड पाणी झटकत नाही. कोमट पाणी, थोडा सौम्य द्रव साबण, पिळायचं नाही.

आता नवे घ्यायचे असतील तर

बाईकसाठी मागच्या बाजूला जाड आणि तळव्याला पातळ भरण हवं, नाहीतर क्लचचा अंदाज येत नाही. भरणाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम असं, लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या घाटांना मागच्या बाजूला १०० जीएसएम आणि वारा अडवणारं कापड पुष्कळ झालं. २०० जीएसएमचा मोजा घालून ब्रेकवरची पकड बिघडवून घेण्यात अर्थ नाही.

बर्फातल्या ट्रेकला मात्र पाच बोटांचा हट्ट सोडा आणि मिटन घ्या, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र. बोट बारीक असतं, त्याला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार. वेगवेगळ्या कप्प्यांत चार बोटं चारही बाजूंनी ऊब घालवतात, एकत्र असली की एकमेकांना देतात. तीन थर करा: पातळ अस्तर, त्यावर फ्लीस, त्यावर जलरोधक मिटन. फोटो काढायला, बूट बांधायला अस्तरापर्यंतच उतरायचं, उघडा हात करायचा नाही. मिटनला मनगटात अडकवायची दोरी हवीच. खिंडीत वाऱ्याने उडालेला मोजा परत मिळत नाही. बेसकॅम्पवर भाड्याने मोजे मिळतात, पण ते कालच कोणीतरी भिजवलेले असू शकतात, म्हणून अस्तर तरी स्वतःचं न्या. बाईकवर मिटन नको, दोन बोटांनी लिव्हर धरता येत नाही.

लेबलवर हिमकणाचं चिन्ह आणि ईएन ५११ (थंडीच्या मोज्यांचं युरोपीय मानक) दिसलं तर खालचे तीन आकडे वाचा. पहिला हवेच्या थंडीचा, दुसरा गार वस्तूच्या स्पर्शाचा, दोन्ही ० ते ४, जितका जास्त तितका बरा. तिसरा पाण्याचा: १ म्हणजे चाचणीत पाणी आत आलं नाही. आकड्याऐवजी एक्स असेल तर ती चाचणी झालेलीच नाही. हे लेबल बहुतेक कामगारांच्या मोज्यांवर असतं. सांगली-तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शीतगृहांत लागतात तसे मोजे सेफ्टी साहित्याच्या दुकानात विचारून बघा. दिसायला साधे, पण स्पर्शाच्या थंडीला पक्के.

हँड वॉर्मरच्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजताना तापते. हवाबंद मोज्यात पुडी विझल्यासारखी होते, मग लोक माल खराब म्हणतात. बाहेर काढून हलवा, पुन्हा तापेल. थेट कातडीला लावू नका. बॅटरीवर तापणारे मोजे विमानाने नेत असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात चालत नाहीत.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

तापणाऱ्या ग्रिप्स बसवायच्या असतील तर वाहनांच्या इलेक्ट्रिशियनकडे जा. जोडीला साधारण ३० ते ४० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. छोट्या बाईकची चार्जिंग तेवढं देते का, जोडणी इग्निशननंतरच्या रिले आणि फ्यूजवरून होतेय का, हे त्यालाच बघू द्या. घरी हेडलाइटच्या वायरीत जोड मारून रात्री घाटात दिवा गेला तर बोटांच्या गारठ्याचा प्रश्न उरत नाही.

गाडी चालवताना दर थोड्या वेळाने थांबून अंगठा करंगळीच्या टोकाला लावून बघा. लागत नसेल तर ब्रेकही वेळेवर लागणार नाही. तिथेच गाडी बाजूला घ्या, हात काखेत धरा, पूर्ण संवेदना आल्याशिवाय निघू नका.

डॉक्टरांकडे जायचं ते असं दिसलं तर: थोड्याशा गारव्यानेही बोटं रेषेपर्यंत पांढरी, निळी, मग लाल होतात, जखमा भरत नाहीत, एकाच हाताला त्रास होतो, थंडी नसतानाही मुंग्या येतात किंवा रात्री बधिरतेने झोपमोड होते. फाउंड्रीत ग्राइंडर, ब्रेकर अशी थरथरणारी यंत्रं वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांना बोटं पांढरी पडण्याचा वेगळा विकार होतो, त्यांनी कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. मधुमेह, थायरॉईड, रक्त कमी असणं, यांनीही हात गार राहतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही राहतात, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, विचारा.

हवा शून्याच्या वर असेपर्यंत वाऱ्याने बोट गोठत नाही, त्यामुळे आपल्या घाटांत हिमदंशाची, म्हणजे बोट गोठून इजा होण्याची, भीती नाही. हिमालयात आहे. बोट मेणासारखं पांढरट, कडक, स्पर्श न कळणारं झालं तर चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीजवळ धरू नका: बधिर बोट भाजलेलं कळत नाही. ट्रेक लीडरला लगेच सांगा. निवाऱ्यात पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटं बुडवून ऊब आणतात, त्यात चांगल्यापैकी दुखतं. फोड आले तर फोडायचे नाहीत. मात्र एकदा ऊब आणलेलं बोट पुन्हा गोठलं तर नुकसान कितीतरी वाढतं. म्हणून पुढे बर्फातूनच चालत उतरायचं असेल तर वाटेत पाण्यात घालू नका, कोरड्या मिटनमध्ये सैलसर गुंडाळा आणि आधी खाली दवाखान्यापर्यंत पोहोचा.